कागद कोणी जपला : अण्वस्त्रविरोधी शांतता चळवळीच्या अभिलेखांवरील प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

अण्वस्त्रविरोधी शांतता चळवळीची मूळ साधने कोठे आहेत, कोणत्या स्वरूपात आहेत आणि ती वाचताना कोणती सावधगिरी बाळगावी, हे मराठीतून इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सांगणारी मार्गदर्शिका तयार करण्याचे काम आज हाती घेतले. अभिलेखागारांनी जालावर ठेवलेल्या सूची, अंकीकृत कागद, छापील संसदीय वृत्तान्त आणि न्यायनिवाडे एवढ्या सामग्रीवर हे काम पुण्यात बसून करायचे आहे. तूर्त मांडणी देशवार ठरवली आहे : आधी ब्रिटन, मग अमेरिका, मग जपान. भारताचा आणि महाराष्ट्राचा संबंध जेथे खरोखर येतो तेथेच तो नोंदवायचा, ओढूनताणून आणायचा नाही.

पुण्यात इतिहास शिकलेल्या माणसाला रुमालात बांधलेले दप्तर ओळखीचे असते. रुमाल सोडल्यावर कागद ज्या क्रमाने हाती येतात तो क्रमसुद्धा पुरावाच असतो, आणि कोणी आगाऊपणाने तो विषयवार लावून ठेवला तर कागद शिल्लक राहूनही त्याचा अर्धा अर्थ नाहीसा होतो. हीच नजर विसाव्या शतकातील सायक्लोस्टाइल पत्रकांनाही लावायची आहे.

६ जून

ब्रिटनपासून सुरुवात केली. ‘कॅम्पेन फॉर न्यूक्लियर डिसआर्ममेंट’, म्हणजे सीएनडी, या संघटनेची पहिली जाहीर सभा १७ फेब्रुवारी १९५८ रोजी वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमध्ये झाली. अध्यक्ष तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल, कार्यकारिणीचे प्रमुख कॅनन जॉन कॉलिन्स आणि सचिव पेगी डफ अशी तिची सुरुवातीची रचना होती. तिचे दप्तर एका जागी नाही. त्याचा मोठा भाग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या ग्रंथालयात आहे आणि दुसरा भाग वॉरिक विद्यापीठाच्या मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटरमध्ये, म्हणजे कामगार संघटनांच्या दप्तरांसाठी नावाजलेल्या केंद्रात आहे. हा योगायोगही अर्थपूर्ण आहे, कारण सीएनडीची पहिली मोठी राजकीय लढाई मजूर पक्षाच्या आणि कामगार संघटनांच्या सभागृहांतच झाली. १९६० च्या स्कारबरो अधिवेशनात पक्षाने ब्रिटनच्या एकतर्फी अण्वस्त्रत्यागाचा ठराव मंजूर केला आणि पुढच्याच वर्षी ब्लॅकपूलला तो फिरवला. त्यामुळे कामगार संघटनांची इतिवृत्ते शेजारी ठेवल्याखेरीज सीएनडीची इतिवृत्ते वाचू नयेत, अशी सूचना मार्गदर्शिकेत घालत आहे.

आल्डरमॅस्टन येथील अण्वस्त्र संशोधन केंद्रावरचा पहिला मोर्चा मात्र सीएनडीचा नव्हता, आणि येथे विद्यार्थ्यांची हमखास चूक होते. १९५८ च्या ईस्टरमधला तो मोर्चा १९५७ साली स्थापन झालेल्या ‘डायरेक्ट ॲक्शन कमिटी’ने आखला होता, सीएनडीने त्याला केवळ पाठिंबा दिला, आणि १९५९ पासून त्याची सूत्रे आपल्याकडे घेतली. डायरेक्ट ॲक्शन कमिटीचे कागद आणि ‘पीस न्यूज’ साप्ताहिकाचे संपादक ह्यू ब्रॉक यांचे कागद ब्रॅडफर्ड विद्यापीठातील कॉमनवील संग्रहात आहेत. म्हणजे चळवळीच्या सर्वांत प्रसिद्ध घटनेची मूळ साधने तिच्या सर्वांत प्रसिद्ध संघटनेच्या दप्तरात शोधली, तर शोधणारा चुकीच्या दारात उभा असतो.

कॉमनवील संग्रहाच्या जन्माची हकिगत मी वाचकांसाठी मुद्दाम देणार आहे. डेव्हिड हॉगेट हे स्वयंसेवक सेवाकार्य करताना पडले आणि कायमचे अपंग झाले. त्यानंतर १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी घरातूनच अहिंसा आणि शांतता या विषयांवरची पुस्तके टपालाने वाचकांना पाठवायला सुरुवात केली. चळवळीची नियतकालिके आणि पत्रके त्यांच्याकडे जमत गेली आणि १९७० च्या दशकात तो संग्रह ब्रॅडफर्डला आला, जेथे १९७३ पासून शांतता अभ्यासाचा स्वतंत्र विभाग होता. कोणत्याही सरकारी दप्तरखान्याने जे गोळा केले नसते ते अंथरुणाला खिळलेल्या एका ग्रंथप्रेमी माणसामुळे उरले, हे मला फार मोलाचे वाटते.

१० जून

आजचा सारा दिवस एका चिन्हावर गेला. वर्तुळातील तीन रेषांचे जे शांतताचिन्ह आज जगभर भिंतींवर आणि कपड्यांवर दिसते, ते जेराल्ड होल्टम यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये आल्डरमॅस्टनच्या त्या पहिल्या मोर्चासाठी काढले. दुसऱ्या महायुद्धात सदसद्विवेकाला स्मरून लष्करी सेवा नाकारलेल्या या चित्रकाराची मूळ रेखाटने कॉमनवील संग्रहात जपलेली आहेत. चिन्हाचा अर्थ दोन प्रकारे सांगितला जातो. पहिला असा की सेमाफोर या झेंड्यांच्या खुणांच्या लिपीत ‘एन’साठी दोन्ही हात खाली तिरपे धरतात आणि ‘डी’साठी एक हात सरळ वर व दुसरा सरळ खाली धरतात, आणि या दोन खुणा एकावर एक ठेवल्या की वर्तुळातील रेषा तयार होतात. ‘एन’ म्हणजे न्यूक्लियर आणि ‘डी’ म्हणजे डिसआर्ममेंट.

दुसरा अर्थ खुद्द होल्टम यांनी नंतर ह्यू ब्रॉक यांना लिहिलेल्या पत्रातून येतो. आपण त्या वेळी घोर निराशेत होतो आणि गोयाच्या चित्रात गोळीबाराच्या तुकडीसमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याप्रमाणे तळहात बाहेर व खाली पसरलेला निराश माणूस म्हणून आपण स्वतःलाच रेखाटले, असे त्यांनी म्हटले आहे. अडचण अशी की माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील त्या चित्रात पांढऱ्या सदऱ्यातील माणसाचे हात खाली नाहीत. त्याने ते वर फेकलेले आहेत. मी चित्र पुन्हा मोठे करून पाहिले. शंकेला जागा नाही.

एवढ्यावरून पत्र अविश्वसनीय ठरवणे मला उतावळेपणाचे वाटते. पत्र हे आठवणीचे साधन आहे आणि रेखाटने हे त्या क्षणाचे साधन आहे. चिन्ह कसे घडले याचा पुरावा रेखाटनांत शोधावा, तर ते घडवताना माणसाच्या मनात काय होते याचा पुरावा पत्रात. गोयाच्या माणसाचे हात आठवणीत खाली आले, कारण आठवणाऱ्याचेच हात खाली गेले होते, असे मानायला जागा आहे. पण हे माझे अनुमान आहे आणि मार्गदर्शिकेत ते अनुमान म्हणूनच जाईल. त्या पत्रासमोर ‘स्मृतिसाधन, चित्राशी ताडून पाहावे’ असा शेरा लिहिला.

मोर्चासाठी काठीवर लावलेले गोल फलक पाचशेच्या आसपास होते. निम्मे काळे-पांढरे आणि निम्मे हिरवे-पांढरे, आणि ईस्टरच्या पहिल्या दोन दिवसांत काळे-पांढरे व नंतरच्या दोन दिवसांत हिरवे-पांढरे वापरायचे, म्हणजे हिवाळ्यातून वसंताकडे जायचे, अशी योजना होती. पहिले बिल्ले एरिक ऑस्टिन यांनी भाजलेल्या मातीचे केले आणि अणुयुद्ध झालेच तर वणव्यातून वाचणाऱ्या मोजक्या मानवनिर्मित वस्तूंत हे बिल्ले असतील, अशी चिठ्ठी त्यांच्यासोबत दिली जाई. आपण नष्ट होऊ आणि आपला पुरावा उरेल, असे गृहीत धरून घडवलेली दुसरी वस्तू माझ्या यादीत नाही.

२१ जून

दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला आहेत, रस्ते बंद आहेत आणि ग्रंथालयात जाणे शक्य नाही. घरूनच आल्डरमॅस्टन मोर्चाच्या छायाचित्रांची छाननी केली.

पायी चालणाऱ्या समुदायाचा अभ्यास करायचा तर घोषणांआधी व्यवस्थेचे कागद पाहावेत, हे आपल्याकडच्या कोणालाही समजावून सांगावे लागू नये; दिंडीत सामानाचा ट्रक कोठे उभा राहणार आणि रात्रीची पंगत कोण घालणार यावर सारे चालते. १९५८ च्या मोर्चाचे तसेच होते. लंडनच्या ट्राफल्गर चौकातून निघून ४ ते ७ एप्रिल असे चार दिवस चालत सुमारे ८३ किलोमीटरवरच्या अण्वस्त्र संशोधन केंद्रापर्यंत जायचे होते, त्या ईस्टरला कडाक्याची थंडी होती आणि शनिवारी बर्फही पडले. जेवण, मुक्काम आणि सामान यांची जी आखणी कमिटीने केली ती वाचल्यावर हा मोर्चा केवळ नामवंतांच्या सह्यांवर उभा नव्हता, हे ध्यानात येते. भाषणे वर्तमानपत्रांत उरतात. पायांना फोड आलेल्या माणसाला कोणी गाडीत घेतले हे व्यवस्थेच्या कागदांतच सापडते.

छायाचित्रांबाबत एक सोपी कसोटी मिळाली. पहिला मोर्चा लंडनहून आल्डरमॅस्टनकडे गेला होता, पण १९५९ पासून दिशा उलटली आणि मोर्चे आल्डरमॅस्टनहून लंडनला येऊ लागले, म्हणजे सांगता राजधानीच्या चौकात प्रचंड गर्दीने होऊ लागली. तेव्हा मोर्चा लंडनमध्ये समारोपाला पोहोचत असलेले छायाचित्र ‘१९५८’ म्हणून दिलेले असेल, तर वर्ष चुकले आहे. दिशाबदलाचे कारणही विचारात घ्यावे. १९५८ चे लोक बॉम्ब बनवणाऱ्यांच्या दारापर्यंत गेले होते. नंतरचे लोक सरकारच्या दारापर्यंत आले. चळवळीच्या दोन गटांतला मतभेद या एका वळणात उमटलेला आहे.

२९ जून

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा आज स्मृतिदिन. २९ जून १९६६ रोजी ते पुण्यात गेले. गोव्यातील कोसबेन येथे जन्मलेले हे गणिती आणि इतिहासकार १९४५ पासून १९६२ पर्यंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जात-येत, आणि त्याच काळात जागतिक शांतता परिषदेच्या कामात सक्रिय होते. भारताच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार होमी भाभा ज्या संस्थेचे संचालक होते, त्याच संस्थेतील एक प्राध्यापक उन्हाच्या देशाने अणुऊर्जेवर खर्च करण्याऐवजी सौरऊर्जेचे संशोधन करावे, असे जाहीरपणे लिहीत आणि बोलत होता. त्यांचा युक्तिवाद भावनेचा नव्हता. तो खर्चाचा होता, आणि बॉम्ब व वीज यांच्या यंत्रणा एकमेकींपासून किती वेगळ्या ठेवता येतात या प्रश्नाचा होता. या विषयाशी मराठी मुलखाचा खरा संबंध येथे आहे, म्हणून कोसंबींचे छापील निबंध मार्गदर्शिकेत घेतले.

त्यांच्यामुळे स्टॉकहोम आवाहनाकडे वळावे लागले. मार्च १९५० मध्ये जागतिक शांतता परिषदेच्या समितीने अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदीची मागणी केली, आणि जे सरकार प्रथम अण्वस्त्र वापरील ते मानवजातीविरुद्ध गुन्हा करील असे जाहीर केले. पहिली सही फ्रेदेरिक जोलियो-क्युरी यांची होती आणि पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाच्या प्रमुखपदावरून त्यांना दूर करण्यात आले. सह्यांचा आकडा कोट्यवधींत सांगितला गेला, पण त्यात सोव्हिएत संघातील जवळजवळ सर्व प्रौढ नागरिक मोजले होते. ज्या देशात सही नाकारण्याची मुभा नाही तेथील सही आणि जेथे सही केल्याने नोकरी जाते तेथील सही यांची बेरीज करू नये. या आकड्यावर अवलंबून निष्कर्ष काढणाऱ्यांनी आणि त्याच आकड्यामुळे सारे आवाहनच खोटे ठरवणाऱ्यांनी, दोघांनीही पॅरिसमधल्या त्या एका सहीची किंमत विसरू नये.

४ जुलै

सह्यांचाच धागा जपानपर्यंत नेला. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळद्वीपावर १५ मेगाटनांचा स्फोट केला आणि ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या मासेमारी नौकेवरील २३ जणांवर किरणोत्सारी राख पडली. नौकेचे रेडिओचालक कुबोयामा आइकिची २३ सप्टेंबरला मरण पावले. टूना मासळीत किरणोत्सार आढळल्याने भीती थेट स्वयंपाकघरात आली, मासळीवाल्यांचा धंदा बसला, आणि टोकियोच्या सुगिनामी भागातील महिला वाचकमंडळे व मासळी विक्रेते यांनी मे महिन्यात हायड्रोजन बॉम्बविरोधी सह्या गोळा करायला घेतल्या. ऑगस्ट १९५५ पर्यंत जपानभर ३ कोटींहून अधिक सह्या झाल्या आणि हिरोशिमात पहिली जागतिक परिषद भरली.

स्टॉकहोम आणि सुगिनामी यांच्यातला फरक कागदावर दिसतो. सुगिनामीत नगरपरिषद, सार्वजनिक सभागृह आणि महिलामंडळे एकत्र होती, पक्षाचे नाव मुद्दाम बाजूला ठेवले होते, आणि दारोदार फिरणाऱ्या बायकांच्या नोंदींवरून सही कोणी कोणाकडून घेतली हे कळते. ती नौकाही जपलेली आहे. १९७६ पासून टोकियोच्या युमेनोशिमा येथे तिचे प्रदर्शनगृह आहे.

बिकिनीनंतर महिनाभरात, २ एप्रिल १९५४ रोजी, जवाहरलाल नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या निदान तूर्त थांबवण्याचा करार व्हावा, अशी सूचना मांडली. लोकसभेचे छापील वृत्तान्त पुण्यातच वाचता येतात. मार्गदर्शिकेतील सर्वांत जवळचे मूळ साधन हेच.

९ जुलै

अणुयुद्धाच्या धोक्याचा इशारा देणाऱ्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्याला आज ७० वर्षे झाली. लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये रसेल यांनी तो वाचून दाखवला तेव्हा आइन्स्टाइन हयात नव्हते. त्यांच्या निधनाची बातमी रसेल यांना रोमहून पॅरिसला जाताना विमानात कळली, आता सही मिळणार नाही असे त्यांना वाटले, आणि पॅरिसच्या हॉटेलात त्यांची वाट पाहत असलेल्या पत्रात आइन्स्टाइन यांची संमती आणि सही होती. सह्या करणारे ११ जण होते आणि त्यांत जोलियो-क्युरीही होते, म्हणजे स्टॉकहोमचा धागा येथेही येऊन मिळतो. पुढची शास्त्रज्ञांची परिषद भारतात भरवण्याचा बेत होता. सुएझच्या संकटामुळे तो बारगळला आणि जुलै १९५७ मध्ये कॅनडातील पगवॉश या खेड्यात ती भरली.

रसेल यांचे कागदही कॅनडातच आहेत. १९६८ मध्ये हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाने ते विकत घेतले. देशवार मांडणीला येथे पहिला तडा गेला. ब्रिटिश चळवळीच्या अग्रणीचे दप्तर ब्रिटनच्या प्रकरणात लिहावे की कॅनडाच्या?

त्याच कागदांच्या अनुषंगाने सप्टेंबर १९६१ पाहिला. ‘कमिटी ऑफ हंड्रेड’ या अण्वस्त्रविरोधी कायदेभंग करणाऱ्या गटाच्या सत्याग्रहासाठी लोकांना प्रवृत्त केल्याबद्दल ८९ वर्षांच्या रसेल यांना सन १३६१ च्या एका कायद्याखाली शिक्षा झाली आणि त्यांनी आठवडाभर ब्रिक्स्टनच्या तुरुंगात काढला. ते आत असतानाच, १७ सप्टेंबरला, ट्राफल्गर चौकात १,३०० हून अधिक लोकांना अटक झाली. ही बातमी बेंगळुरूच्या एका कॉफीगृहात सतीश कुमार आणि ई. पी. मेनन या दोन तरुणांनी वाचली. नव्वदीला आलेला माणूस तुरुंगात जातो आणि आपण येथे कॉफी पीत बसलो आहोत, या विचाराने ते उठले आणि १ जून १९६२ रोजी दिल्लीच्या राजघाटावरून खिशात पैसा न ठेवता चार अण्वस्त्रधारी राजधान्यांकडे पायी निघाले. वाटेत काळ्या समुद्राकडच्या चहाच्या कारखान्यातील एका कामगार महिलेने त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या. बॉम्ब टाकण्याचा विचार मनात आला तर आधी थांबून हा ताजा चहा प्यावा, असा निरोप त्या पुड्यांबरोबर मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनला पोहोचवायचा होता. लंडनच्या पोलिसी नोंदी, हॅमिल्टनमधला पत्रव्यवहार आणि राजघाट ही एकाच घटनेची तीन साधने तीन खंडांत आहेत.

याच शेजारची एक नोंद महाराष्ट्राची आहे. १९६२ च्या आरंभी बैरूतजवळ स्थापन झालेल्या ‘वर्ल्ड पीस ब्रिगेड’मध्ये जयप्रकाश नारायण, मायकेल स्कॉट आणि अमेरिकी शांततावादी ए. जे. मस्टी एकत्र आले. स्कॉट हे सहारातील फ्रेंच अणुचाचणीविरुद्ध १९५९ मध्ये घानामधून निघालेल्या तुकडीत होते. या ब्रिगेडच्या सहभागाने मार्च १९६३ मध्ये दिल्लीहून पेकिंगकडे मैत्रीयात्रा निघाली आणि तिचे नेतृत्व सर्वोदयी नेते शंकरराव देव यांनी केले. चीनने प्रवेश दिला नाही. युद्धाच्या जखमा ताज्या असताना या यात्रेवर देशातही कडाडून टीका झाली, आणि म्हणूनच तिचे कागद शांतता चळवळीच्या अभ्यासकाने टाळू नयेत.

१७ जुलै

सरकारने जपलेले कागद. डिसेंबर १९६१ मध्ये वेदर्सफील्डच्या हवाई तळावर सत्याग्रह आखल्याबद्दल कमिटी ऑफ हंड्रेडच्या सहा संघटकांवर ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टखाली खटला झाला. पाच जणांना १८ महिने आणि एका स्त्रीला १२ महिने कैद झाली. त्यांचे अपील हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेले आणि ‘चँडलर विरुद्ध डीपीपी’ (डीपीपी म्हणजे सरकारी अभियोग संचालक) हा निवाडा कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. राज्याच्या हिताला बाध आणण्याचा हेतू आमचा नव्हता, अण्वस्त्रेच राज्याच्या हिताविरुद्ध आहेत, हे आरोपींना साक्षीपुराव्याने सिद्ध करायचे होते. संरक्षण धोरण योग्य की अयोग्य हा प्रश्न न्यायालयापुढे येऊ शकत नाही, असे न्यायाधीशांनी ठरवले. म्हणून जो पुरावा मांडूच दिला नाही त्याची रिकामी जागा या निवाड्यात वाचावी लागते. स्वतःचा बचाव स्वतः करणाऱ्या पॅट पॉटल यांनी हवाई दलाच्या अधिकाऱ्याला विचारलेला प्रश्न मात्र नोंदीत उरला : लाखो माणसे मरतील हे ठाऊक असताना तुम्ही कळ दाबाल का? परिस्थितीने तशी गरज निर्माण केली तर दाबीन, असे उत्तर आले.

पाळत ठेवणाऱ्यांच्या फायली वेगळ्या. एमआय-५ या ब्रिटनच्या अंतर्गत गुप्तचर संस्थेच्या माजी अधिकारी कॅथी मॅसिटर यांनी १९८५ मध्ये दूरचित्रवाणीवर सीएनडीवरील पाळतीची माहिती उघड केली. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात खुल्या होत असलेल्या फायली वाचताना, कार्यकर्त्याचे नाव ज्या शीर्षकाखाली लावले आहे त्या शीर्षकावर आधी शंका घ्यावी.

आणि ज्यांनी काहीच जपले नाही ते. १९६३ च्या ईस्टरला ‘स्पाइज फॉर पीस’ या गुप्त गटाने रेडिंगजवळच्या वॉरन रो येथील भूमिगत शासनकेंद्राची माहिती पत्रकातून फोडली. अणुयुद्ध झाल्यास निवडक अधिकाऱ्यांनी राज्य चालवण्यासाठी ती जागा होती. सामान्य माणसासाठी तसे काही नव्हते. गटाने आपले मूळ कागद जाळले आणि टंकयंत्र नदीत टाकले. निकोलस वॉल्टर यांचा त्यातील सहभाग त्यांच्या मृत्यूनंतर मुलीने जाहीर केला. या गटाचे दप्तर म्हणजे ते एकच पत्रक. मात्र त्याच्या प्रती शेकडो घरांत गेल्या असल्याने तो कागद जाळून संपणारा नव्हता.

२५ जुलै

अमेरिकेची साधने विपुल आहेत. स्वार्थमोर महाविद्यालयाच्या शांतता संग्रहात, ज्याचा पाया जेन ॲडम्स यांच्या कागदांनी घातला, ‘सेन’ आणि ‘विमेन स्ट्राइक फॉर पीस’ या अण्वस्त्रविरोधी संघटनांची दप्तरे आहेत. लायनस आणि एव्हा हेलन पॉलिंग यांचे कागद ऑरेगन स्टेट विद्यापीठात आहेत आणि त्यांत ११,००० हून अधिक शास्त्रज्ञांनी सही केलेल्या १९५८ च्या चाचणीबंदी अर्जाचा इतिहास आहे. एवढे लिहून मी थांबणार होते. पण सेंट लुईसचे दात समोर आले आणि आठवडा तेथेच गेला.

स्ट्रॉन्शियम-९० हे अणुस्फोटातून निर्माण होणारे द्रव्य रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमसारखे वागते. ते पावसाबरोबर कुरणात पडते, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत व दातांत जाऊन बसते. हाडे तपासायला मिळत नाहीत. दुधाचे दात आपोआप पडतात. हरमन काल्कार यांनी ऑगस्ट १९५८ मध्ये ही कल्पना मांडली, आणि त्याच डिसेंबरात सेंट लुईसमधील नागरिक व शास्त्रज्ञांच्या समितीने, बॅरी कॉमनर यांच्या पुढाकाराने आणि डॉ. लुईस रीस यांच्या देखरेखीखाली, दात गोळा करायला सुरुवात केली. आईने एक कार्ड भरायचे : मूल कोठे जन्मले, गरोदरपणी आई कोठे राहत होती, बाळाला कोणते दूध दिले. कार्डासोबत दात पाठवला की आपला दात विज्ञानाला दिल्याचा बिल्ला मुलाला मिळे. १९७० पर्यंत ३ लाखांहून अधिक दात जमले. १९५० च्या दशकारंभी जन्मलेल्या मुलांच्या दातांत वर्षागणिक स्ट्रॉन्शियम वाढत गेल्याचे १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ५ ऑगस्ट १९६३ रोजी वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या करारावर सह्या झाल्या.

त्यानंतर २००१ मध्ये सेंट लुईसमधल्याच वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टायसन येथील आवारात, जुन्या दारूगोळ्याच्या कोठारात, सुमारे ८५,००० दात सापडले. लहान पाकिटांत, कार्डांसह. युद्धसाहित्यासाठी बांधलेल्या भिंतींआड युद्धाच्या राखेचा पुरावा तीस वर्षे पडून होता. कार्डे नसती तर तो केवळ दातांचा ढीग असता. कार्डांमुळे प्रत्येक दाताला जन्मवर्ष, गाव आणि आईचे उत्तर आहे, म्हणून तो अभिलेख आहे. लाकडी पट्टीवरचा ठसा किंवा ताम्रपट आपण अभिलेख मानतो, तर बाळदात का मानू नये, असे मी सहकारी मैत्रिणीला विचारले. तिने उलट विचारले की त्या मुलांची नावे वापरायला परवानगी कोणी दिली होती. तिचा मुद्दा रास्त आहे. कार्ड भरणारी आई राखेचे मापन व्हावे म्हणून लिहीत होती, आपल्या मुलाचे आजारपण साठ वर्षांनी कोणी वाचावे म्हणून नव्हे. मार्गदर्शिकेत ‘व्यक्तिगत नोंदी’ असा स्वतंत्र इशारा घातला.

१ ऑगस्ट

ग्रीनहॅम कॉमन. ऑगस्ट १९८१ मध्ये कार्डिफहून निघालेल्या स्त्रिया ५ सप्टेंबरला बर्कशरमधील अमेरिकी क्षेपणास्त्र तळाशी पोहोचल्या आणि तेथे बसल्या त्या १९ वर्षे. १२ डिसेंबर १९८२ रोजी ३०,००० स्त्रियांनी तळाच्या कुंपणाला वेढा घातला. कार्डिफच्या ग्लॅमॉर्गन अभिलेखागारात आणि लंडनच्या विमेन्स लायब्ररीत त्यांचे कागद आहेत. अध्यक्ष नाही, इतिवृत्त नाही, पत्रकांवर पुष्कळदा तारीख नाही. कुंपणाच्या प्रत्येक फाटकाला रंगाचे नाव आणि प्रत्येक फाटकापाशी वेगळी वस्ती. म्हणून येथे कागद लावताना तारखेऐवजी फाटक हा आधार धरावा लागतो.

मराठी वाचकाला ‘कॉमन’ शब्द सांगायचा तर गायरान म्हणावे. लष्करी तळ गायरानावर होता, आणि स्त्रियांना हुसकावण्यासाठी १९८५ मध्ये संरक्षण खात्याने केलेले उपनियम १९९० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने रद्द ठरवले, कारण ज्या १८९२ च्या कायद्याखाली ते केले होते तो कायदाच गावकऱ्यांच्या गायरानावरील हक्कांना बाध आणू देत नव्हता. जीन हचिन्सन आणि जॉर्जिना स्मिथ यांचा हा खटला होता. क्षेपणास्त्रे मार्च १९९१ पर्यंत करारानुसार परत गेली होती, हे खरे. पण चराईच्या हक्काच्या जुन्या नोंदवहीचे पान अण्वस्त्रांच्या इतिहासाचे साधन होऊ शकते, हे मी या प्रकल्पापूर्वी मानले नसते.

६ ऑगस्ट

हिरोशिमाला ८० वर्षे झाली. पहाटे तेथील स्मृतिसभा पाहिली आणि मग कामाला बसले.

बॉम्बग्रस्तांची संघटना ‘निहोन हिदान्क्यो’ १० ऑगस्ट १९५६ रोजी स्थापन झाली. तिला गेल्या वर्षी नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. स्थापनेला ११ वर्षे का लागली, याचे एक उत्तर मेरिलँड विद्यापीठात आहे. जपान अमेरिकेच्या ताब्यात असताना छापील मजकूर आधी सेन्सॉरकडे पाठवावा लागे, आणि १९४५ ते १९४९ या काळातले ते सारे साहित्य इतिहासकार गॉर्डन प्रांगे यांनी अमेरिकेला हलवले. हिरोशिमाच्या कवयित्री कुरिहारा सादाको यांचा १९४६ चा संग्रह कवितांची काटछाट होऊनच निघाला. मनाई करणाऱ्या कचेरीने मनाई केलेले पान लाल खुणेसह नीट सांभाळून ठेवले.

देशवार मांडणी आज मोडली. नवी मांडणी जपणाऱ्यावरून केली आहे : ज्यांनी चळवळ केली त्यांनी जपलेले, ज्यांनी ती रोखली त्यांनी जपलेले, आणि ज्यांना आपण काही जपतो आहोत याची कल्पनाही नव्हती अशांनी जपलेले. वेदर्सफील्डचा निवाडा आणि प्रांगे संग्रह दुसऱ्या भागात शेजारी आले. सेंट लुईसची कार्डे आणि ग्रीनहॅमच्या गायरानाची नोंदवही तिसऱ्या भागात गेली. कोसंबी, सुगिनामी आणि होल्टम यांची रेखाटने पहिल्या भागात आहेत, आणि होल्टम यांच्या पत्रासमोरचा शेरा तसाच ठेवला आहे. उद्या प्रत्येक नोंदीत ‘कोणाकडून आले’ हा रकाना भरायला घेणार आहे. पहिल्या पानावर हॉगेट यांचे नाव लिहिले.